शॉवर पॅन बदलतोय: खालच्या जमिनीचं काय काय करून घ्यावं?

रानवारा (न्यू जर्सी), शनिवार रात्र

नमस्कार मंडळी. घर १९८४ सालचं, लाकडी सांगाड्याचं. वरच्या मजल्यावर ४८ बाय ३६ इंचांचा फायबरग्लासचा शॉवर पॅन (शॉवरखालचा तयार, उथळ तळ) होता. गेल्या महिन्यात साताऱ्याहून आई आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, त्या मोरीत उभं राहिलं की पायाखालचं दबतं आणि कट्ट करून वाजतं." आम्ही सात वर्षं तिथेच आंघोळ करतोय, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ओणवा होऊन टॉर्च मारला, तर ड्रेनच्या कडेपासून कोपऱ्याकडे केसाएवढी बारीक चीर गेलेली.

आज भिंतीचा खालचा फूटभर भाग कापून पॅन बाहेर काढला. खाली पिवळ्या फोमचे चार-पाच गोळे, बाकी सगळं पोकळ. आधीच्या मालकाने कुणाकडून तरी करून घेतलेलं काम असावं. ड्रेनभोवती जेवणाच्या ताटाएवढा काळपट डाग आहे, पण हात लावला तर कोरडा लागतो. बाकी जमीन बरी दिसते.

नवा ॲक्रिलिकचा पॅन गॅरेजमध्ये येऊन पडलाय. हा डाग पुसून, वर मॉर्टर (वाळू-सिमेंटचा माल) टाकून बसवून टाकावा का? सोमवारपर्यंत संपवायचा विचार होता. आईचा गुडघा दुखतो, खालच्या मजल्यावर बाथरूम नाही. सध्या ती टबात पाय उचलून जाते, आणि ते मला बघवत नाही.

---

जाईजुई (मॅसॅच्युसेट्स), शनिवार रात्र

रानवारा, सोमवार विसरा. मी तीन वर्षांपूर्वी याच जागी उभी होते.

काळा डाग हाताला कोरडा लागतो याला काही अर्थ नाही. वरचा पापुद्रा एका दिवसात वाळतो. मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि डागाच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला दर दोन इंचांवर टोचत या. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही आणि टणक आवाज करतं. कुजलेल्या लाकडात टोक बोटभर आत जातं, आवाजच येत नाही. माझ्याकडे डाग होता बशीएवढा आणि कूज निघाली दोन फूट लांब, कारण पाणी प्लायच्या थरांमधून आडवं सरकत गेलं होतं.

लाकडातला ओलावा मोजायचं दोन पिनांचं मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आधी बेडरूमच्या कपाटातल्या जमिनीचं माप घ्या, मग ड्रेनजवळचं, आणि दोन्ही इथे टाका. लाकूड वीस टक्क्यांच्या वर राहिलं की बुरशीला जगता येतं.

आणि आजूबाजूला जुनं व्हायनिल असेल तर खरवडू नका. १९८४ म्हणजे काठावरचं साल आहे. त्या काळातल्या काही व्हायनिल शीटच्या पाठीला ॲस्बेस्टॉस (धुळीतून फुप्फुसात जाणारे घातक तंतू) असायचं. नखाएवढा तुकडा पाणी मारून, ओला करूनच कापा, बंद पिशवीत घाला आणि लॅबला पाठवा. निकाल येईपर्यंत तिथे करवत नको, व्हॅक्यूमही नको.

---

कोकणकडा (ओहायो), रविवार सकाळ

मी पॅन मॉर्टरशिवाय बसवला, सरळ प्लायवर. सात वर्षं झाली, काही झालेलं नाही. उगाच काम वाढवू नका असं माझं मत.

---

जाईजुई, रविवार सकाळ

कोकणकडा, तुमचा पॅन कोणत्या जातीचा यावर ते अवलंबून आहे. काही पॅनना खालून जाड फासळ्या असतात, किंवा कारखान्यातूनच कडक फोमची सपाट पाठ येते. ते सपाट जमिनीवर नुसते ठेवले तरी चालतात. काहींच्या पुस्तिकेत तर मॉर्टर घालू नका असंही लिहिलेलं असतं. पातळ तळाच्या पॅनला मात्र खालून पूर्ण आधार लागतो. रानवारा, तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते शब्दशः वाचा. त्याच्याविरुद्ध केलं तर वॉरंटी जाते.

फोमबद्दल: डब्यातला फुगणारा फोम पॅनखाली कुणीही मारू नये. फुगताना तो पॅन वर उचलतो, लेव्हल बिघडते, आणि काही वर्षांनी वजनाखाली दबून गोळा होतो. रानवाराच्या पॅनला चीर का गेली, तर दोन गोळ्यांच्या मधला तळ रोज वाकत होता. तार वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसंच.

---

ओळंबा (पुणे), रविवार संध्याकाळ (भारतीय वेळ)

मी साइटवर तीस वर्षं काढली, पण सगळी आरसीसीत. तुमच्या लाकडी जमिनीत हात घातलेला नाही, तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते.

आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो. त्यात वॉटरप्रूफिंग, वर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा, मग नहाणी ट्रॅपकडे ढाळ देऊन लादी. ढाळ काढणं हे गवंड्याचं कसब. म्हणून आपल्याकडून गेलेल्या माणसाचा हात आपोआप खालच्या जमिनीलाच उतार द्यायला जातो. तुमच्या तयार पॅनमध्ये ढाळ साच्यातच आलेला आहे. खालची जमीन शुद्ध समतल हवी. तिथे पुन्हा उतार दिलात तर एका बाजूला पाणी साचेल आणि पॅनची कड भिंतीपासून सुटेल. पाणसळ कडांवर धरायची, पॅनच्या पोटात नाही.

---

रानवारा, मंगळवार रात्र

मीटर आणलं. कपाटात ९ टक्के, ड्रेनजवळ २७. भिंतीकडे जाता जाता २२, मग १३.

आणि टोचल्यावर कळलं की जमीन दोन थरांची आहे. खाली अर्धा इंच प्लाय, वर ५/८ इंचाचा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला). ड्रेनभोवतीचा बोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालाय, बोटाने उकरला तर चुरा हातात येतो. खालची प्लायसुद्धा साधारण १४ बाय २० इंचांच्या पट्ट्यात मऊ आहे. एका जॉइस्टची (जमीन पेलणाऱ्या आडव्या तुळईची) वरची कड काळी दिसते. ड्रेनच्या गास्केटमधून (रबरी वायसरमधून) पाणी झिरपत होतं हे उघड आहे, पाइपच्या बाहेरून खाली आलेला चुन्यासारखा पांढरा ओघळ आहे.

व्हायनिलचा तुकडा लॅबला दिलाय. जाईजुई, तुमचे फार आभार. मी हे झाकून टाकणार होतो.

---

जाईजुई, मंगळवार रात्र

मग आता मन घट्ट करून कापा. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळवून काही उपयोग नाही, त्याचा कस गेलेला असतो. पॅनखालचा सगळा बोर्ड काढा, फक्त ओला भाग नको. प्लाय मात्र खराब पट्ट्यापुरती काढली तरी चालेल, पण काप नेहमी जॉइस्टच्या मध्यावर घ्या, म्हणजे जुन्या आणि नव्या तुकड्याला प्रत्येकी पाऊण इंच टेकू मिळतो. ज्या कडेखाली जॉइस्ट नाही तिथे दोन जॉइस्टच्या मध्ये आडवा टेकू ठोका. अधांतरी कड एकही ठेवू नका. गोल करवतीची खोली प्लायच्या जाडीएवढीच लावा, खाली वायर किंवा पाइप असू शकतो.

जॉइस्टची काळी कड टोचून बघा. पाव इंचात टणक लाकूड लागलं तर खरवडून, पूर्ण वाळवून, बोरेटचं (कूज रोखणाऱ्या क्षाराचं) पाणी दोनदा मारा. (ब्लीच नको, त्याने फक्त रंग जातो.) मग शेजारी त्याच उंचीचं नवं लाकूड गोंद आणि बोल्ट लावून जोडा, खराब भागाच्या दोन्ही बाजूंना भरपूर पुढे नेऊन. कूज खोल असेल तर इंजिनिअरला बोलवा.

---

ओळंबा, बुधवार सकाळ

जाडीचा हिशेब सुतात करा, सोपा पडतो. इंचाचे आठ सूत. तुमचा जुना थर ४ आणि ५, म्हणजे ९ सूत. पॅनखालची प्लायही सगळी नवी घालणार असाल तर ६ सूत म्हणजे पाऊण इंच प्लाय, आणि त्यावर ३ सूत प्लाय. पुन्हा ९. बाहेरच्या लादीशी उंची जुळेल. फक्त तिकडची पाऊण इंच म्हणून मिळणारी प्लाय भरते किती ते दुकानात पट्टी लावून बघा. आमच्याकडे तरी सांगितलेलं माप आणि भरलेलं माप नेहमी एक नसतं.

---

टेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड), बुधवार दुपार

इकडचा अनुभव. आमच्याकडे याला शॉवर ट्रे म्हणतात आणि नव्या घरांत वरच्या मजल्याला २२ मिलिमीटर चिपबोर्ड असतो. त्याचीही पाण्याने हीच गत होते. माझा ट्रे स्टोन रेझिनचा होता, दोघांनी उचलावा लागला. चिपबोर्ड कापून, जॉइस्टमध्ये आडवे तुकडे देऊन १८ मिलिमीटरची प्लाय घातली आणि ट्रे वाळू-सिमेंटच्या पूर्ण थरावर बसवला. नुसते पाच ढीग ठेवून नाही. ढिगांच्या मध्ये पोकळी राहिली की टोकदार वजनाने ट्रे तिथेच तडकतो.

पायांच्या स्टँडवर ट्रे उचलून घ्यायचा पर्यायही असतो, खाली ट्रॅपला जागा मिळते. पण मग पायरी चार-पाच इंच चढावी लागते. रानवारांच्या आईंसाठी तो नको.

---

निवडुंग (फिनिक्स), बुधवार रात्र

मध्येच विचारतो. आमचं घर थेट जमिनीवरच्या काँक्रीटच्या स्लॅबवर आहे, खाली लाकूड नाहीच. पॅन काढला तर ड्रेनभोवती स्लॅबमध्ये फूटभर चौकोनी खड्डा आणि त्यात नुसती माती. हे असंच असतं?

---

जाईजुई, बुधवार रात्र

हो निवडुंग, असंच असतं. ट्रॅप पुढेमागे करता यावा म्हणून बांधतानाच ती जागा मोकळी सोडतात. पण उघडा खड्डा ही वाळवीची वाट आहे, तुमच्या भागात तर नक्कीच. आधी वाळवीवाल्याकडून तपासून घ्या. मग पाइपची पाण्याची चाचणी, मग खड्डा खडीने भरून घट्ट करा, आणि वर मॉर्टरचा थर. स्लॅबवर दोन फूट चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेप लावून दिवसभर ठेवा. खालून दव धरलं तर जमिनीतून ओल येतेय.

---

रानवारा, रविवार रात्र

लॅबचा निकाल आला, ॲस्बेस्टॉस नाही. मग काल आणि आज कापाकापी.

जॉइस्टची कूज वरवरचीच निघाली, खरवडल्यावर पिवळं टणक लाकूड लागलं. पंखा आणि डीह्युमिडिफायर चार दिवस चालू होते. ओलावा आज सकाळी १२. बोरेट मारलं, शेजारी नवं टू-बाय-टेन (दोन बाय दहा इंची म्हणून मिळणारं लाकूड) जोडलं. ६ अधिक ३ सुतांचा हिशेब बरोबर जमला, दारातल्या लादीशी नखभरही फरक नाही. ओळंबा, हे वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझे आजोबा सुतातच बोलायचे." आजोबांचं लाकडाचं काम मी पाहिलेलं नाही, पण त्यांची पितळेची घडीची पट्टी साताऱ्याला देवघराच्या कपाटात आहे.

प्लायच्या तुकड्यांमध्ये एक सूत फट ठेवली, जॉइस्टवर ॲडहेसिव्ह, कडेला दर सहा इंचांवर स्क्रू. टाचेवर जोर देऊन सगळीकडे चाललो. आवाज नाही.

आता दोन प्रश्न आहेत. चार फुटी लेव्हल लावली तर मागच्या भिंतीकडे जमीन दोन सूत खाली आहे. सेल्फ-लेव्हलर (ओतल्यावर आपोआप समतल होणारं सिमेंटचं मिश्रण) ओतू का? दुसरं, नव्या पॅनचं ड्रेनचं भोक जुन्यापेक्षा सव्वा इंच डावीकडे येतंय आणि तिथे जॉइस्ट जवळ आहे.

---

जाईजुई, रविवार रात्र

दोन सूत मॉर्टरच्या थरातच निघून जाईल. त्यासाठी सेल्फ-लेव्हलर नको. तो पाण्यासारखा वाहतो आणि ड्रेनच्या भोकातून थेट खालच्या खोलीच्या छतावर जातो. अर्ध्या इंचाच्या वर खड्डा असता तर प्रायमर मारून, भोकाभोवती बांध घालून ओतला असता.

ड्रेनसाठी जॉइस्ट कापायचा मोह टाळा. खाच जॉइस्टच्या उंचीच्या सहाव्या भागापेक्षा खोल नको आणि लांबीच्या मधल्या तृतीयांशात अजिबात नको. ट्रॅपच सरकवा. पाइप दोन इंची आहे ना? शॉवरला तेवढा लागतोच. टबाच्या जागी शॉवर करणाऱ्यांना खाली दीड इंची सापडतो, त्यांनी तो बदलायचा. ट्रॅपनंतरच्या आडव्या पाइपला उतार फुटाला दोन सूत. तुमच्या गावच्या बांधकाम खात्याला फोन करून परवाना लागतो का विचारा, पाइप हलवताय म्हणून.

आणि जमीन बंद करायच्या आधी पाइपमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा.

अजून एक, हे मी स्वतः केलं नाही आणि आता हळहळते. भिंत उघडी आहे तोवर ती आणखी थोडी वर कापून दोन स्टडच्या (भिंतीतल्या उभ्या लाकडांच्या) मध्ये रुंद फळी आडवी ठोका, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. पुढे आईंना धरायला दांडा लावायचा झाला तर स्क्रूला पकड मिळेल. नुसत्या बोर्डात बसवलेला दांडा ऐन वेळी हातात येतो.

---

कोकणकडा, सोमवार सकाळ

माझ्या पॅनची पुस्तिका शोधून काढली. खाली कडक फोमची पाठ आहे आणि मॉर्टर नको असंच लिहिलंय. म्हणजे जाईजुई म्हणतात ते बरोबर. पहिल्या प्रतिसादात मी सरसकट सांगायला नको होतं.

---

ओळंबा, सोमवार दुपार

मॉर्टरबद्दल. वाळू तीन, सिमेंट एक. पाणी बेताचं. मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. पातळ केलात तर सुकताना आकसतो आणि मधेच पोकळ राहतो. जिप्समचं कुठलंही मिश्रण ओल्या जागी नको, ते पाण्याने मऊ पडतं.

---

जाईजुई, सोमवार रात्र

याला जोडून: प्लायवर आधी प्लॅस्टिक किंवा डांबरी कागद अंथरा. नाहीतर कोरडं लाकूड मॉर्टरमधलं पाणी शोषून घेतं. मॉर्टरच्या वर आणखी एक प्लॅस्टिक, म्हणजे पॅन त्याला चिकटत नाही आणि उद्या काढावा लागला तर निघतो. आधी कोरडा बसवून बघा. लेव्हल करून पॅनची वरची कड प्रत्येक स्टडवर पेन्सिलने आखून ठेवा. मॉर्टरमध्ये बसवताना पॅन त्या रेघेवर आला की थांबायचं. हे एक केलं नाही तर तुम्ही दाबत राहाल आणि एक कोपरा नेहमी वर राहील. बसल्यावर २४ तास कुणी पाय ठेवायचा नाही.

---

रानवारा, पुढच्या रविवारी दुपार

बसला.

नगरपालिकेचा परवाना घेतला, निरीक्षक शुक्रवारी पाइप बघून गेले. रात्रभर भरलेलं पाणी सकाळी एक थेंबही कमी झालं नव्हतं. साठ पाउंडांची दोन पोती मॉर्टर लागलं. पहिला घमेलाभर पातळ झाला, लाडू वळेना, तो टाकून दिला. दुसरा बरोबर झाला. पॅन रेघेवर आणायला मी आणि बायको गुडघ्यांवर बसून चारी कोपरे तळव्याने दाबत होतो. डावा मागचा कोपरा एक सूत वर होता. पॅन पुन्हा उचलून तिथला मॉर्टर थापीने ओढून काढला. कडांवर आता बुडबुडा चारही बाजूंना मध्यात आहे.

२४ तासांऐवजी दीड दिवस थांबलो. मग तळ हाताने ठोकत गेलो. सगळीकडे एकच भरीव आवाज, फक्त ड्रेनच्या पुढे तळहाताएवढ्या जागेत किंचित वेगळा. तिथे उभा राहिलो तर दबत नाही. सोडून देऊ का?

---

जाईजुई, रविवार दुपार

ड्रेनच्या अंगठीपाशी मॉर्टर मुद्दाम थोडा अलीकडे थांबवतात, नट फिरवायला जागा राहावी म्हणून. तेवढ्याने आवाज बदलतो. दबत नसेल तर हात लावू नका. आईंना बसायला स्टूल ठेवणार असाल तर रुंद रबरी पायांचं घ्या, आणि ते पाय त्या जागेवर येऊ देऊ नका.

---

रानवारा, रविवार रात्र

स्टूल मागच्या भिंतीशी ठेवणार आहे, ड्रेनपासून लांब. भिंत उद्या बंद होतेय. फळ्या तीन ठिकाणी ठोकल्या: दाराशी उभी, नळाखाली आडवी आणि मागच्या भिंतीवर ३४ इंचांवर आडवी. उंची मी पुस्तकातून घेत होतो, पण आईने कोरड्या पॅनमध्ये उभं राहून हात जिथे सहज टेकला तिथेच खूण करायला लावली, ती ३४ वर आली. प्रत्येक फळीवर मार्करने माप लिहून, पट्टी शेजारी धरून फोटो काढलेत. कुणाला बघायचे असतील तर इथे टाकतो.